सुई, रिव्हर्स फुटेज आणि पन्हाळ्याचा चढ : एका प्रोमोचं प्रकरण

मी कोल्हापुरात एका लोकल चॅनलला व्हिडिओ एडिटिंग करतो. केबलवर एक चॅनल आणि जोडीला यूट्यूब. फुटबॉल सीझनला शाहू स्टेडियमवरच्या मॅचेस, नवरात्रात देवीची पालखी, गणपतीत मिरवणूक आणि अधनंमधनं कुणाच्या तरी शोरूमचं उद्घाटन, असं सगळं चालतं. यात सायकलिंग कुठं आलं, तर गावातल्या एका सायकल ग्रुपची शहरातनं पन्हाळ्यापर्यंत रेस असते, अंतर साधारण वीसेक किलोमीटर, वाघबीळपर्यंत पाय चालतात आणि तिथनं पुढं देव आठवतो, त्या रेसचं कव्हरेज आमच्याकडं आलं. हे प्रकरण त्या रेसच्या प्रोमोचं आहे. पण तो प्रोमो मी कुठनं उचलला ते आधी सांगतो, कारण मूळ केस अमेरिकेतली आहे आणि आमच्यापेक्षा शंभरपट मोठी आहे.

टूर द फ्रान्स म्हणजे दर जुलैत होणारी, टप्प्याटप्प्यानं चालणारी फ्रान्सची मोठी सायकल रेस. अमेरिकेत ती दाखवायचं एक केबल चॅनल होतं, व्हर्सस. आधी त्याचं नाव ओएलएन म्हणजे आउटडोअर लाइफ नेटवर्क, २००६ मध्ये बदलून व्हर्सस केलं, पुढं २०१२ ला एनबीसी स्पोर्ट्स नेटवर्क झालं. शिकार, मासेमारी असलं दाखवणारं चॅनल, त्यात लान्स आर्मस्ट्राँग १९९९ ते २००५ ओळीनं सात टूर जिंकला आणि यांचं नशीब फळफळलं. जुलै महिना म्हणजे यांची दिवाळी. आर्मस्ट्राँग थांबला आणि दिवाळी संपली. २००६ ला तोंडावरच स्पेनमधलं ऑपरेशन पुएर्तो, म्हणजे पोलिसांनी उघडं पाडलेलं डोपिंगचं प्रकरण, बाहेर आलं, माद्रिदच्या फुएन्तेस डॉक्टरकडं खेळाडूंना चढवायच्या रक्ताच्या पिशव्या सापडल्या, उलरिच आणि बासो हे दोन मोठे दावेदार टूर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी घरी. मग फ्लॉइड लँडिस, अमेरिकनच, सोळाव्या टप्प्यात पार गळपटला आणि दुसऱ्याच दिवशी मोर्झिनच्या टप्प्यावर एकट्यानं सगळ्यांना धुवून काढलं, अंगावर पाण्याच्या बाटल्याच्या बाटल्या ओतत. चार दिवसांत लोक खुळे झाले आणि पुढच्या चार दिवसांत बंदी असलेल्या टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट. विजेतेपद काढून घेतलं, ऑस्कर पेरेरोला दिलं.

२००७ तर त्याच्या वरताण. विनोकुरोव्ह टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाशी पळायचा टप्पा, जिंकला आणि दुसऱ्याचं रक्त चढवल्याचं निघालं, त्याची अख्खी अस्ताना टीम निघून गेली. मोरेनीला तर टप्पा संपल्या संपल्या पोलीसच घेऊन गेले. आणि रासमुसेन. सगळ्यात पुढं असणाऱ्याची पिवळी जर्सी अंगावर, ओबिस्कचा टप्पा जिंकलेला, आणि त्याच रात्री त्याच्या स्वतःच्या राबोबँक टीमनं त्याला घरी पाठवला. टेस्ट पॉझिटिव्ह नव्हती बरं का, अचानक टेस्ट घेता यावी म्हणून रायडरनं ठावठिकाणा कळवायचा असतो, तो त्यानं खोटा सांगितला होता. म्हणाला जूनमध्ये मेक्सिकोत होतो. आणि इटलीच्या टीव्हीवरचा कॉमेंटेटर, जुना रायडर दाविदे कासानी, यानं सांगितलं की मला तो जूनमध्ये डोलोमाइट डोंगरात सराव करताना भेटला. सांगितलं ते कौतुकानं, पोरगं किती मेहनत घेतंय बघा, म्हणून. टीव्हीवरच्या कौतुकानं पिवळी जर्सी उतरली. आमच्या लाइनमधल्या माणसाला हे वाचून अंगावर काटा येतो, कारण आपण माइकवर दिवसभर काय काय बोलत असतो.

तर अशी दोन वर्षं खाल्लेल्या चॅनलकडं २००८ च्या टूरचे हक्क आहेत. माल विकायचाय आणि मालावर डाग आहे हे पोराटोरांना माहीत आहे. अशा वेळी मार्केटिंगवाला काय करतो? एक तर डाग झाकतो, डोंगर, सूर्यफुलाची शेतं, मागं गोड म्युझिक. व्हर्ससनं उलटं केलं, अक्षरशः उलटं. कॅम्पेनचं नाव ‘टेक बॅक द टूर’, म्हणजे आपली टूर परत घेऊया, आणि जाहिरातीत बदनाम झालेल्या रायडर्सचं जुनं फुटेज रिव्हर्समध्ये चालवलं. सायकली मागं चालल्यात, जल्लोषात वर गेलेले हात खाली येतायत, जिंकलेलं न जिंकलेलं होतंय.

एडिटर म्हणून सांगतो, आयडिया काटा किर्र आहे. टाइमलाइनवर क्लिप सिलेक्ट करायची, स्पीडमध्ये जाऊन रिव्हर्सला टिक मारायची, खर्च शून्य. फुटेज तुमचंच, आधीच्या वर्षांचं, एरवी कुणाला दाखवायची लाज वाटेल असलं. आणि एका फटक्यात तीन गोष्टी होतात. वाद तुम्ही लपवला नाही म्हणून तुम्ही प्रामाणिक ठरता. चिडलेला चाहता आणि चॅनल एका बाजूला येतात. आणि सगळ्यात भारी म्हणजे लोकांना ज्या क्लिपा पुन्हा बघाव्याशा वाटतात त्याच तुम्ही दाखवता, फक्त नाक मुरडून. मी एकदा रात्री ऑफिसात खासबागच्या एका कुस्तीची क्लिप अशीच उलटी करून बघितली. चीत झालेला पैलवान लाल मातीतनं वर उठतो, उडालेली माती खाली येऊन बसते, दोघं मागं मागं जात सलामीला उभे राहतात. परत पहिल्यापासनं खेळा म्हणल्यासारखं. पाचसहा वेळा बघितलं मी ते. त्यामुळं व्हर्ससला शिव्या देणाऱ्यांचं मला पूर्ण पटत नाही, त्या जाहिरातीत खरंच काहीतरी आहे.

आता गोची कुठं झाली. ‘परत घेऊया’ हे वचन आहे, आणि ते पाळणं चॅनलच्या हातातच नाही. रक्त तपासतं प्रयोगशाळा, हजेरी घेतं अँटी-डोपिंगवालं, सुई टोचतो डॉक्टर. चॅनलकडं काय, तर कॅमेरा. ५ जुलै २००८ ला टूर सुरू झाली, आठवड्याभरात बेल्त्रान नावाचा रायडर ईपीओत, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शनात, सापडला, मग दुएन्यास, मग १७ जुलैला रिक्को. या रिक्कोनं त्याच टूरमध्ये दोन टप्पे जिंकले होते, सुपर-बेस आणि बान्येर-द-बिगोर, पोरगं चढावर असं उडायचं की बघणाऱ्याचा चहा गार व्हावा. सेरा नावाचं नवीन ईपीओ निघालं, शरीरात जास्त दिवस टिकतं म्हणून सुया कमी लागायच्या, आणि यांचा समज की ते टेस्टमध्ये दिसत नाही. दिसलं. पोलिसांनी उचलला, सोनिए दुव्हाल टीम गाशा गुंडाळून गेली. टूर संपली, कार्लोस सास्त्रे जिंकला, सगळ्यांनी हुश्श केलं, आणि ऑक्टोबरात जुनी सॅम्पलं परत तपासली तर दोन्ही टाइम ट्रायल जिंकलेला शूमाखर आणि एकूण तिसरा आलेला, चढावरच्या सगळ्यात भारी रायडरची ठिपक्याठिपक्यांची जर्सी घेऊन गेलेला बर्नहार्ड कोल, दोघंही सेरावालेच.

म्हणजे बघा, ज्या जुलैत ‘परत घेतली’ म्हणून जाहिरात चालू होती त्याच जुलैत पुढच्या रिव्हर्स फुटेजचं शूटिंग चालू होतं.

आणि २००९ ला कोण परत आलं तर साक्षात आर्मस्ट्राँग. तिसरा आला. व्हर्ससला यापेक्षा मोठं गिऱ्हाईक-खेचू काय मिळणार होतं? डोपिंगवाल्यांकडनं टूर परत घेणारं चॅनल वर्षभरात कुणाच्या पुनरागमनावर उभं राहिलं ते २०१२ ला कळलं, अमेरिकेच्या अँटी-डोपिंग संस्थेनं ऑक्टोबरात हजार पानांच्या आसपासचे पुरावे मांडले, सातही किताब गेले, ते २००९ चं तिसरं स्थानही गेलं. आणि कबुली कुठं दिली, तर जानेवारी २०१३ ला ओप्राच्या शोमध्ये, दोन भागांत, तिच्या स्वतःच्या नव्या चॅनलवर. पहिला भाग एका रात्री, दुसरा दुसऱ्या रात्री. मालिकावाल्यांनी शिकावं असं प्लॅनिंग.

हे सांगितलं की आमच्या कट्ट्यावर एक सर आहेत, पन्नाशीचे, दर रविवारी जोतिबा करतात सायकलवर, ते म्हणतात की मग जर्मनांनी केलं तेच बरोबर. जर्मनांचं असं झालं की १८ जुलै २००७ ला त्यांच्या टी-मोबाइल टीमचा झिंकेविट्झ आधीच्या सरावातल्या टेस्टमध्ये पॉझिटिव्ह आला, तो गडी तर आधीच धडक होऊन शर्यतीबाहेर दवाखान्यात होता, आणि एआरडी आणि झेडडीएफ या दोन्ही सरकारी धाटणीच्या चॅनलांनी टूर चालू असताना लाइव्ह प्रक्षेपणच बंद केलं. थेट काळा पडदा. सरांना हे फार आवडतं. “याला म्हणतात कणा,” म्हणतात.

मी म्हणलं, “सर, पण दुसऱ्याच दिवशी हक्क सॅट १ नावाच्या खाजगी चॅनलनं उचलले, लोकांनी तिकडं बघितलं.”

“मग काय झालं? यांनी तर नाही ना दाखवलं.”

“आणि त्याच्या आधी काय दाखवत होते? एआरडीचा लोगो टेलिकॉम टीमच्या, म्हणजे पुढं टी-मोबाइल झाली त्याच टीमच्या, जर्सीवर होता, सर. चॅनलच टीमचं स्पॉन्सर. उलरिचशी वेगळा करार, मुलाखतींसाठी पैसे. आणि २००७ च्या मे महिन्यात त्याच टेलिकॉमच्या जुन्या रायडर्सनी ओळीनं डोपिंगच्या कबुल्या दिल्या, झाबेल, आल्डाग, १९९६ चा विजेता रीस.”

सर गप्प. मग म्हणाले, “चहा सांग.”

मला वाटतं ते काळं करणं सुद्धा एक प्रोमोच होता, आमचं चॅनल स्वच्छ आहे असं सांगणारा. एकानं चिखल दाखवून स्वतःला धुवून घेतलं, दुसऱ्यानं टीव्ही बंद करून. एआरडी पुढं २०११ नंतर लाइव्हमधनं बाहेर पडलं आणि २०१५ ला परत आलंही. राग कायमचा कुणाला परवडत नाही या धंद्यात.

तसं बघायला गेलं तर टूर द फ्रान्सच मुळात प्रोमो आहे. १९०३ ला लोटो नावाच्या पेपरनं खप वाढवायला काढली, पिवळी जर्सी पिवळी का, तर तो पेपर पिवळ्या कागदावर छापायचे. दुसऱ्याच वर्षी एवढ्या लबाड्या झाल्या की पहिले चौघं बाद करून एकोणीस वर्षांच्या पोराला विजेता ठरवला. आणि १९२४ ला पेलिसिए भाऊ रेस सोडून कॅफेत बसले आणि पत्रकार आल्बेर लोंद्रला पिशवीतनं कोकेन, क्लोरोफॉर्म, गोळ्या काढून दाखवल्या, ते छापलं दुसऱ्याच पेपरनं, ‘ल पती पारिझिआं’नं. एकानं रेस विकली, दुसऱ्यानं रेसची घाण विकली, आणि दोघांचाही पेपर खपला. शंभर वर्षं झाली.

आता आमचं.

दोन वर्षांपूर्वीच्या रेसनंतर पन्हाळ्याच्या नाक्याच्या अलीकडं, पाण्याच्या स्टॉलमागच्या झुडपात कुणाला तरी एक सिरिंज सापडली. वापरलेली. कुणाची, कशाची, कधीची, आजतागायत कळलेलं नाही. तिथं पर्यटक येतात, जनावरांचे डॉक्टर त्याच रस्त्यानं जातात, शुगरवाले असतात, काहीही असेल. एकानं मोबाइलवर अकरा सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि रात्रीपर्यंत तो सगळ्या ग्रुपवर. त्याच सुमाराला जिममध्ये विकल्या जाणाऱ्या मेफेन्टरमाइनच्या बाटल्या पोलिसांनी पकडल्याच्या बातम्याही येत होत्या, हे ऑपरेशनवेळी उतरलेलं बीपी वर आणायचं इंजेक्शन, पोरं व्यायामाआधी टोचून घेतात, त्यामुळं लोकांना जोडायला वेळ लागला नाही. तालमीतल्या म्हाताऱ्या वस्तादापासनं दूधवाल्यापर्यंत सगळ्यांचं एकच, आता सायकलीत पण आलं व्हय.

गेल्या वर्षी रेसच्या दोन आठवडे आधी मालकांनी बोलावलं. म्हणाले, “लगा, आपल्या सायकलच्या व्हिडिओला कुत्रं इचारत न्हाई. त्या सुईचं काय तरी कर.”

आणि मी, व्हर्ससची केस तोंडपाठ असणारा शहाणा, मनातनं खूश झालो. म्हणलं आपण पण रिव्हर्स करू. तीस सेकंदांचा प्रोमो केला. पहिल्यांदा सिरिंजचा तो मोबाइलवरचा व्हिडिओ, थोडा झूम. मग काळा स्क्रीन आणि अक्षरं, ‘पन्हाळ्याचा चढ, खरा कुणाचा?’ मग त्या सुई सापडलेल्या रेसचं फुटेज उलटं, पोरं वाघबीळच्या वळणावरनं मागं मागं घसरतायत, बाटलीतनं डोक्यावर ओतलेलं पाणी परत बाटलीत जातंय. शेवटी परत सरळ, रेसची तारीख, ‘यंदा स्वच्छ.’ मालकांनी दोनदा बघितलं आणि म्हणाले, “नाद खुळा.” दोन दिवसांत आमच्या नेहमीच्या सायकलच्या व्हिडिओच्या कितीतरी पट लोकांनी बघितला.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. आवाज मोठ्या माणसाचा, हळू बोलणारा. करवीर तालुक्यातल्या एका गावचे, त्या रेसला दुसरा नंबर आलेल्या पोराचे वडील. पोरगं एकोणीस वर्षांचं, सकाळी डेअरीला दूध घालून सरावाला यायचं, सायकल मामाची. ते म्हणाले, “साहेब, तुम्ही त्या सुईमागनं आमच्या पोराला का दाखवलाय?”

मी म्हणलं काका, आम्ही कुणाचंच नाव घेतलेलं नाही. मला खरंच असं वाटत होतं की नाव घेतलं नाही म्हणजे विषय संपला. ते म्हणाले, “नाव न्हाई वो. पर सुई दिसती आणि मागनं ह्यो दिसतो.”

फोन ठेवून टाइमलाइन उघडली. बरोबर होतं. सिरिंज, काळा स्क्रीन, आणि पहिला शॉट त्याचाच, बाटलीतलं पाणी परत जाणारा. तो का घेतला? कारण फुटेजमधला सगळ्यात चांगला शॉट तोच होता, चेहरा जवळनं, उजेड छान, पाण्याचे थेंब. दुसरं काही कारण नाही. कुठल्याही वाक्यात आरोप नव्हता. आरोप कटमध्ये होता, दीड सेकंदाच्या काळ्या स्क्रीनमध्ये. आणि कट मी मारला होता, मालकांनी नाही, हे पण लिहून ठेवतो.

इथं मला व्हर्ससची केस पहिल्यांदा नीट कळली असं म्हणायला हरकत नाही. त्यांनी जे उलटं फिरवलं ते गाजलेलं प्रकरण होतं, सॅम्पल होती, सुनावण्या झालेल्या, रायडर कोट्यधीश, वकील ठेवून भांडणारे, लँडिस तर आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादापर्यंत गेला. बड्यांशी बडे भिडले. आमच्याकडं झुडपातली एक सुई आणि मामाच्या सायकलवरचा पोरगा. रेसला डोपिंग टेस्टच नाही, नाडाचं, म्हणजे आपल्या देशाच्या अँटी-डोपिंग संस्थेचं, कुणी येत नाही, म्हणजे पोराला ‘मी घेतलं नाही’ हे सिद्ध करायची सोयच नाही. व्हर्ससच्या वचनात निदान खोटं ठरायची तरी शक्यता होती, रिक्को सापडला म्हणून ते खोटं ठरलं. आमचं ‘यंदा स्वच्छ’ खोटं ठरूच शकत नाही, कारण बघणारच कोण?

नरसिंग यादवचं आठवतंय का, २०१६ ला, तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, रिओच्या तोंडावर पॉझिटिव्ह, तो म्हणतो माझ्या खाण्यात कुणी तरी कालवलं, नाडानं सोडलं आणि रिओत ऐन कुस्तीच्या आदल्या रात्री लवादानं चार वर्षांची बंदी घातली. त्या दिवसांत टीव्हीवर रात्रंदिवस तेच. आमच्या तालमीतली माणसं दोन बाजूंनी भांडायची. पण तिथं निदान भांडायला रिपोर्ट होता, कागद होता. कागदावर भांडता येतं, कटवर भांडता येत नाही, त्या काकांना नेमकं कळलं होतं आणि तरी काय म्हणायचं ते सुचत नव्हतं.

प्रोमो काढला. मालक वैतागले, म्हणाले काढल्यावर अजून संशय येतोय लोकांना, आणि त्यांचं चूक नव्हतं, खाली लोकांनी विचारलंच की दबाव आला काय. आणि डाउनलोड करून फिरवलेला तर फिरतच राहिला, मला स्वतःला तो नंतर एका लग्नाच्या ग्रुपवर आला, ‘कोल्हापूरची पोरं कुठं चाललीत’ असं वर लिहून. मग आम्ही खुलाशाचा व्हिडिओ टाकला, त्यात स्पष्ट सांगितलं की दाखवलेल्या कुठल्याही स्पर्धकाचा त्या सिरिंजशी संबंध नाही. तो प्रोमोच्या दहाव्या हिश्शाएवढाही कुणी बघितला नाही. मी गाडी काढून त्यांच्या गावी जाऊन आलो. वडील गोठ्यात होते, चहा दिला, जास्त बोलले नाहीत. पोरगं घरात असून बाहेर आलं नाही. रेसला उतरला तो, चौथा आला, आमचा माइक घेऊन पोरगी पुढं गेली तर हात करून निघून गेला.

सायकल ग्रुपवाल्यांशी यावर नंतर बरंच बोलणं झालं. त्यांना मी एकच सुचवलं की वाद दाखवायचाच असेल तर आधी टेस्टचं काही तरी बघा, पहिल्या तिघांची का होईना, मग आपण काय ते खुशाल दाखवू. खर्चाचा विषय निघाला आणि तिथंच अडलंय. एक सर म्हणाले निदान पाण्याच्या स्टॉलवर कचऱ्याचे डबे तरी ठेवूया, त्यावर सगळे हसले, पण डबे ठेवायचं ठरलं.

यंदाचा प्रोमो परवा झाला. चाळीस सेकंद, सगळं सरळ, शिवाजी पुलावरचं सकाळचं धुकं, केर्लीजवळ ऊस भरलेला ट्रॅक्टर आणि त्याच्या मागं अडकलेले पंधरावीस सायकलवाले, वाघबीळच्या वळणावर उतरून सायकल ढकलणारे एक काका, आणि सगळ्यात शेवटी पोचलेली शाळेतली पोरगी. सिरिंज नाही. मालकांनी बघितला आणि म्हणाले, “यात मसाला न्हाई गड्या.”

मी म्हणलं, न्हाई.

“कोण बघणार?”

त्या ट्रॅक्टरवर गाणं कुठलं टाकायचं यावर मग अर्धा तास गेला.